सर्पगंधा : मुंबई ते बॉस्टन

अमेरिकन औषधशास्त्रातील सर्पगंधेचा इतिहास १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या स्विस संशोधकांनी वेगळ्या केलेल्या रेसरपिनपासून सांगणे अपुरे ठरते. परंपरेने ही मुळी उन्माद व सर्पदंशावर दिली जाई. रक्तदाब मोजण्याचे साधन जुन्या वैद्यांपाशी नव्हतेच. तिचा रक्तदाबावरील परिणाम कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविला होता. तथापि, पाश्चात्त्य वैद्यकाला मान्य होईल असा पुरावा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दिला. ५० रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच आधारे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी बॉस्टनमध्ये चाचण्या घेतल्या. हे ऋण अमेरिकेने १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार देऊन मान्य केले.