ठिगळ लावणाऱ्यांची गोष्ट

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात आज्ञावल्या कागदी पट्टीवर छिद्रं पाडून लिहीत. छिद्र चुकलं, तर सगळी पट्टी नव्यानं करण्याऐवजी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवत. या तुकड्याला म्हणत 'पॅच', म्हणजे ठिगळ. पट्ट्या गेल्या, शब्द मात्र राहिला.

१९८५ मध्ये अमेरिकेत लॅरी वॉल यांनी 'पॅच' याच नावाची आज्ञावली लिहून सर्वांना दिली. दोन मजकुरांमधला फरक काढणारी 'डिफ' ही आज्ञावली युनिक्सवर आधीपासून होतीच. वॉल यांची आज्ञावली तो फरक वाचून मूळ मजकुरात बदल करी. गंमत अशी, की मूळ ओळी मधल्या काळात थोड्या वरखाली सरकल्या असल्या, तरी शेजारच्या ओळींवरून ती नेमकी जागा हुडकून काढी. हजार ओळींपैकी तीन बदलल्या, तर त्या तीन आणि आसपासच्या काही, एवढ्याच पाठवायच्या! पाठवणारा कोण, कुठला हे ठाऊक नसलं तरी त्याचं काम तपासता येई. मुक्त आज्ञावल्यांच्या जगात नवख्याला शिरकाव मिळाला तो, माझ्या मते, इथून.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानं लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली. सुमारे १०,००० ओळींची. पुढच्याच वर्षी त्यानं परवाना बदलला. लिनक्स कुणीही वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा. पुढे देताना मूळ आज्ञावली मात्र द्यावी.

वेल्समधल्या स्वान्सी इथे ॲलन कॉक्स लिनक्स वापरत होते. तिथल्या गजबजलेल्या संगणकजाळ्यावर ती अडखळे. कॉक्स एकेक दोष दुरुस्त करून पाठवू लागले आणि करता करता जाळ्याशी संबंधित भाग सांभाळणारेच झाले. पुढे २.२ ही आवृत्तीही त्यांच्याकडे आली. आधी वापरायचं, मग खटकलेलं दुरुस्त करायचं, हाच त्यांचा प्रवेश.

आजचा विद्यार्थीही असाच सुरुवात करतो. एका ठिगळात एकच दुरुस्ती, आणि ती का केली याचा खुलासा. पहिली दुरुस्ती बहुधा परत येते; सुधारून पुन्हा पाठवायची. (आपल्या वह्यांसारखंच!) २००४ पासून लिनक्समध्ये प्रत्येक ठिगळाखाली नावाची ओळ लिहावी लागते. हे काम देण्याचा मला हक्क आहे, असा तिचा अर्थ. २००८ पासून कच्च्या आज्ञावल्यांसाठी वेगळा कप्पा आहे, नवखे तिथे साफसफाई करत हात बसवतात.

पण अनोळखी माणसाचं काम घेण्यात जोखीम असतेच. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, तपासणीत चुका सापडतात का हे पाहण्यासाठी, मुद्दाम सदोष ठिगळं पाठवली होती. एप्रिल २०२१ मध्ये हे प्रकरण चिघळलं. लिनक्स सांभाळणाऱ्यांनी त्या विद्यापीठाकडून काही घेणं थांबवलं आणि तिथून आलेल्या जुन्या दुरुस्त्या पुन्हा तपासायला घेतल्या. त्यांतल्या बहुतेक निर्दोष निघाल्या. ज्यांनी प्रामाणिकपणे पाठवल्या होत्या, त्यांच्याही.