तापलेल्या तेलात पाणी

फोडणीच्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की तेल तडतडून अंगावर उडते, हे घरोघरी ठाऊक आहे. स्वयंपाकघरातला हा उपद्रव भट्टीत मात्र उपकारक ठरू शकतो.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झाला. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. पोलादासाठी तेथे सीमेन्स-मार्टिन पद्धतीच्या भट्ट्या उभारण्यात आल्या. पुढे ऑक्सिजनच्या झोतावर चालणाऱ्या भट्ट्यांनी या पद्धतीला मागे सारले.

सीमेन्स-मार्टिन भट्टीत सुमारे १६०० अंश सेल्सियस उष्णता राखावी लागे. नुसत्या वायूची ज्योत फिकी असते. जड तेलाच्या ज्योतीतील कर्बाचे कण धगधगून पोलादाला उष्णता देतात. म्हणून अशा भट्ट्यांत वायूच्या जोडीला जड तेल किंवा डांबर जाळीत. परंतु हे तेल काकवीसारखे दाट. तापवून त्याचे तुषार केले, तरी मोठे थेंब पुरते जळत नाहीत. त्यांची काजळी होते.

यावरचा एक उपाय सोव्हिएत संघातच अभ्यासला गेला. इव्हानोव्ह आणि नेफेदोव्ह या संशोधकांनी पाणी घोटलेल्या तेलाच्या थेंबांचे ज्वलन तपासले आणि १९६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जड तेलापेक्षा पाणी फार आधी उकळते. थेंबाच्या पोटातील पाण्याची एकाएकी वाफ होते, ती सोळाशेपटींहून अधिक फुगते आणि तेलाच्या थेंबाच्या ठिकऱ्या उडविते. त्या बारीक कणांना हवा चहूकडून भिडते व काजळी घटते.

तथापि, पाणी स्वतः जळत नाही. किलोभर मिश्रणात १०० ग्रॅम पाणी असले, तर ते तापवून त्याची वाफ करण्यात साठाहून थोड्या अधिक किलोकॅलरी खर्ची पडतात. उरलेले तेल सुमारे ९,००० किलोकॅलरी देते. हा खर्च शेकडा एकाच्याही आत आहे. काजळीत वाया जाणारे तेल त्याहून अधिक असेल, तरच लाभ. तेल आधीच पुरते जळत असेल, तर पाणी हा निव्वळ तोटा. शिवाय पाणी अतिसूक्ष्म कणांत घोटलेले हवे; टाकीच्या तळाचे सुटे पाणी ज्योतच विझवील.

आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार पंचमांशाहून अधिक तेल आजही परदेशांतून येते. ते वाचविण्याच्या कामी पाणी चाकरी करील. तेलाची जागा मात्र घेणार नाही.