शेक्सपिअर-त्रयी (विशाल भारद्वाज)

संगीतकार-दिग्दर्शक विशाल भारद्वाज (जन्म १९६५) यांच्या 'मकबूल' (२००३), 'ओंकारा' (२००६) आणि 'हैदर' (२०१४) या तीन हिंदी चित्रपटांना समीक्षेत रूढ झालेले नाव. 'मॅक्बेथ', 'ऑथेल्लो' व 'हॅम्लेट' ही नाटके त्यांना अनुक्रमे आधारभूत आहेत. शेक्सपिअरच्या नायकाला देशी नाव-गाव देण्याची रीत मराठीला जुनीच : आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) ही तिची ठळक उदाहरणे. भारद्वाज मात्र नावागावावर थांबत नाहीत. नाटकातला एकेक सांधा नव्या मुलखात कशाने जुळेल, हे ते शोधतात.

हा शोध सर्वाधिक फळला तो 'मकबूल'मध्ये. स्कॉटलंडचे राज्य इथे मुंबईचे गुन्हेगारी जग होते आणि डंकन राजा होतो अब्बाजी (पंकज कपूर). चेटकिणींच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस (ओम पुरी, नसीरुद्दीन शाह) येतात. पंडित गाडीच्या धुरकटलेल्या काचेवर मुंबईची कुंडली मांडतो. चेटकिणी भविष्य सांगून नाहीशा होतात, हे दोघे ते घडेल याचीही तजवीज करतात. दैव कुठे संपते आणि पोलीसखाते कुठे सुरू होते, ते मग सांगता येत नाही. नाटकातले चालून येणारे अरण्य जाऊन समुद्र आला, हेही मुंबईला साजेसेच. सर्वांत धाडसी बदल मॅक्बेथच्या पत्नीच्या जागी आलेल्या निम्मीचा (तब्बू) : ती मकबूलची पत्नी नसून अब्बाजीची रखेल आहे. त्यामुळे अब्बाजीच्या खुनामागची सत्तेची हाव आणि वासना वेगळ्या काढता येत नाहीत.

'ओंकारा' मूळ नाटकाच्या सर्वांत जवळचा. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या बाहुबलींच्या या कथेत वर्णाची जागा जात घेते, रुमालाची जागा कंबरपट्टा. कथा मेरठकडची असली, तरी काही चित्रीकरण आपल्या वाई परिसरातले आहे. नाटकात इयागो जिवंत राहतो. इथे लंगडा त्यागीला (सैफ अली खान) त्याची बायको इंदूच मारते.

'हैदर'चे काश्मीर १९९५चे. सहलेखक बशारत पीर. बापाच्या भुताऐवजी रूहदार (इरफान खान) हा हाडामांसाचा माणूस निरोप आणतो. हॅम्लेटचा जगावे की मरावे हा प्रश्न इथे बेपत्ता झालेल्यांचा होतो : माणूस आहे की नाही, हेच घरच्यांना ठाऊक नसते. काश्मिरी पंडितांच्या विस्थापनाला चित्रपटात जवळपास जागा नाही, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. शेवटी हैदर काकाला न मारता निघून जातो. सूडनाट्याचा हा शेवट पटो न पटो, तो उसना मात्र नाही. 'हैदर'ला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांतील संगीत आणि संवादांचे खुद्द भारद्वाज यांचे.