वेशनिर्मिती, हौशी

वेशनिर्मिती, हौशी : इतिहासातील किंवा कल्पित विश्वातील पात्रांचे वेष केवळ आवडीखातर, बहुधा मित्रमंडळींच्या गटात, स्वतः बेतून, शिवून अंगावर घालण्याचा छंद. नाटक-चित्रपटांचे व्यावसायिक वेशभूषाकार, भाड्याने वेष देणारी दुकाने आणि तयार वेष विकत घेऊन मिरवणारे हौशी या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. जुन्या काळचे कपडे शिवणारे आणि कॉमिक्स, ॲनिमे, विज्ञानकथा यांतली पात्रे साकारणारे (कॉस्प्ले) हा एकच छंद की दोन, यावर खुद्द हौशींत एकमत नाही. कात्री आणि सुई दोघांनाही लागते, म्हणून येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्ये उमराव घराण्यांच्या वेशांतर-मेजवान्या या छंदाच्या पूर्वज मानल्या जातात. १८३९ मध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथे मध्ययुगीन चिलखतांसह द्वंद्वयुद्धांचा सोहळा भरला आणि पावसात वाहून गेला. २ जुलै १८९७ रोजी लंडनच्या डेव्हनशायर हाउसमध्ये झालेला नृत्यसमारंभ अधिक गाजला. सुमारे सातशे निमंत्रित ऐतिहासिक वा पौराणिक वेषांत आले होते. त्यांतल्या अनेकांची छायाचित्रे लाफायेत या छायाचित्रकार पेढीने घेतली आणि पुढे २८६ चित्रांचा संग्रह छापला गेला. कोणी काय घातले होते हे त्यामुळे आज नावानिशी सांगता येते. यजमानीण डचेसने घेतलेला राणी झेनोबियाचा वेष पॅरिसच्या वर्थ या पेढीने शिवला होता, हेही ठाऊक आहे. पण बाकीच्या बहुतेक वेषांवर ज्यांनी रात्री जागवल्या त्या शिवणकामगारांची नावे मागे राहिली नाहीत. मध्यमवर्गीयांसाठी आर्डर्न होल्ट यांचे ‘फॅन्सी ड्रेसेस डिस्क्राइब्ड’ (१८७९) हे वर्णक्रमाने लावलेले पुस्तक होते. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, यावरून घरी वेष शिवणाऱ्यांची संख्या थोडी नसावी.

पुस्तकातल्या पात्राचा वेष घालण्याची उदाहरणेही याच काळातली आहेत. मार्च १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बुलवर-लिटन यांच्या एका कादंबरीवर आधारित ‘व्रिल-या’ जत्रा भरली होती. १९०८ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका जोडप्याने वृत्तपत्रातील चित्रमालिकेतला मंगळवासी ‘मिस्टर स्कायगॅक’ आणि ‘मिस डिलपिकल्स’ ही पात्रे साकारल्याची नोंद सापडते.

आजच्या छंदाची सुरुवात सहसा जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून (वर्ल्डकॉन) धरतात. तेथे फॉरेस्ट जे. ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातले कपडे घालून आले. डग्लस चाहत्यांच्या वर्तुळात ‘मोरोजो’ या एस्पेरांतो नावाने ओळखल्या जात. ‘थिंग्ज टू कम’ (१९३६) हा चित्रपट आणि फ्रँक आर. पॉल यांची मासिकांतली चित्रे यांवरून घेतलेले हे दोन्ही वेष मोरोजो यांनी शिवले होते. छंदाचा जनक म्हणून मात्र अनेक वर्षे ॲकरमन यांचेच नाव घेतले जाई. अलीकडच्या लेखनात हा मान मोरोजो यांना दिला जातो आणि उपलब्ध माहिती पाहता तेच रास्त आहे. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषस्पर्धा झाली आणि तेव्हापासून ती वर्ल्डकॉनची नेमाची गोष्ट झाली. १९७२ च्या लॉस एंजेलिस संमेलनात एक स्पर्धक अंगाला शेंगदाण्याचे लोणी फासून आला. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने ते वितळले आणि शेजारच्यांच्या कपड्यांना लागले. ‘शेंगदाण्याचे लोणी नको’ ही अट अमेरिकेतल्या वेषस्पर्धांच्या नियमांत तेव्हापासून आहे.

जपानमध्ये डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योत सुरू झालेल्या कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या बाजाराभोवती हा छंद वाढला. ‘कॉस्प्ले’ हे जोडनाव नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये ‘माय ॲनिमे’ मासिकातून रूढ केले. घरून वेष घालून कॉमिकेटला यायचे नाही, तेथेच कपडे बदलायचे, असा दंडक आहे. नागोया येथे २००३ पासून भरणाऱ्या वर्ल्ड कॉस्प्ले समिटमध्ये देशोदेशीच्या जोड्या उतरतात. त्यांनी स्वतः केलेले वेष घालावेत अशी अपेक्षा असते.

बेत आणि शिलाई : ऐतिहासिक वेषांच्या बाबतीत छंदाचे स्वरूप पालटले ते संमेलनांपेक्षा पुस्तकांमुळे. नोरा वॉ यांचे ‘कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स’ (१९५४) आणि त्यानंतर स्त्री-पुरुषांच्या कपड्यांच्या बेतावरची त्यांची दोन पुस्तके हौशींनी आधी वापरली. जॅनेट आर्नल्ड (१९३२–१९९८) यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ (पहिला खंड १९६४) या मालेने मात्र मोजमापाची शिस्त घालून दिली. आर्नल्ड यांनी संग्रहालयांतले मूळ कपडे न उसवता मोजले, प्रत्येक तुकडा एक-अष्टमांश प्रमाणात चौकटीच्या कागदावर उतरवला आणि शिलाई कुठे आहे, जोड कुठे दिला आहे, नंतर कोणी कपडा आवळला वा सैल केला आहे का, हे त्या आकृतीशेजारी लिहिले. १५६० ते १६२० या काळावरचा खंड १९८५ मध्ये आला. अंतर्वस्त्रे आणि गळपट्ट्यांवरचा खंड त्यांच्या निधनानंतर २००८ मध्ये इतरांनी पुरा केला. चित्रावरून अंदाजाने शिवलेला कपडा आणि आर्नल्ड यांच्या आकृतीवरून शिवलेला कपडा यांतला फरक पाठ आणि मुंढा पाहिला की कळतो. पुढून दोन्ही सारखेच दिसू शकतात.

या आकृत्यांनी हौशींना पन्ह्याचा धडा दिला. अठराव्या शतकातले इंग्रजी रेशीम हातमागावर विणलेले, जेमतेम १९ ते २१ इंच पन्ह्याचे असे. कापड महाग आणि मजुरी स्वस्त. त्यामुळे बाहीच्या कोपऱ्याला किंवा घेराच्या टोकाला कापड कमी पडले की उरलेल्या तुकड्याचा जोड बिनदिक्कत दिला जाई, तोही कधी कधी नक्षी न जुळवता. आजच्या ४४ ते ६० इंची पन्ह्यातून तोच झगा अखंड निघतो आणि नेमका तेथेच तो नवा वाटतो. कापड कमी पडल्यावर ‘जोड देणे त्या काळाला धरूनच आहे’ असे एकमेकांना सांगण्याची इंग्रजीभाषक हौशींत पद्धत आहे. विनोदाने म्हटले जाते, पण विधान खरे आहे.

कामाचा क्रम आतून बाहेर असा असतो. अठराव्या शतकातला स्त्रीवेष घेतला तर आधी तागाचा सैल सदरा, मग ताठ कंचुकी, मग कमरेच्या दोन बाजूंना बांधायचे फुगवटे, त्यांवर परकर आणि शेवटी झगा. झग्याची मापे कंचुकी घातल्यावरच घ्यावी लागतात. नवशिक्यांचे कापड वाया जाते ते बहुतेक येथेच. आधी बाहेरचा झगा शिवायचा आणि आतल्या गोष्टी ‘नंतर पाहू’ म्हणायचे, असे केल्यास छाती आणि कंबर कुठेच बसत नाही. कंचुकीत पूर्वी देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या घालत. आता त्यासाठी खास प्लॅस्टिकच्या वा पोलादी पट्ट्या मिळतात, आणि काटकसर करणारे हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल-टाय कापून वापरतात. तागाच्या दोन थरांत शेजारी शेजारी हातटीप घालून या पट्ट्यांच्या नळ्या करायच्या असतात. सबंध वेषातले सर्वांत वेळखाऊ काम हेच.

मांजरपाटाचा कच्चा नमुना करून अंगावर घालून पाहणे, तो खुणा करून उसवणे आणि त्याच तुकड्यांवरून खरे कापड बेतणे ही रीत ऐतिहासिक आणि काल्पनिक दोन्ही प्रकारांत पाळतात. नमुना स्वतःच्या अंगावर स्वतःला टाचता येत नाही. पाठीमागे टाचण्या लावायला दुसरे माणूस लागतेच, आणि छंद गटाने करण्याचे पहिले कारण इतके साधे आहे.

शिवणयंत्र वापरावे की नाही हा जुना वाद आहे. सिंगर यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ चे, तेव्हा त्याआधीच्या काळाचा कपडा हातानेच शिवलेला असावा असे काटेकोर मंडळी म्हणतात. बरेच जण आतल्या लांब शिवणी यंत्रावर मारतात आणि काजे, काठ, गळा यांसारख्या दिसणाऱ्या जागा हाताने करतात. ही तडजोड सर्वमान्य आहे असे म्हणता येत नाही.

साहित्य : चिलखते, शिंगे, शस्त्रे यांसाठी ईव्हीए फोम (रबरी चपलांच्या जातीचे) कापून, गरम हवेने वाकवून, संपर्क-गोंदाने चिकटवतात. उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकच्या चादरी आणि त्रिमिती छपाईही चालते. फोम घासताना व तापवताना तोंडाला योग्य मुखपट्टी आणि उघडी खिडकी आवश्यक.

गट आणि संस्था : सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम ही संस्था १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात भरलेल्या मेजवानीतून निघाली. तिच्या कार्यक्रमाला येणाऱ्याने सतराव्या शतकापूर्वीच्या पोशाखाचा निदान प्रयत्न केलेला असावा, एवढीच अट असते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला स्थानिक शाखा आपल्या साठ्यातून कपडे उसने देते आणि पुढल्या वेळेपर्यंत त्याला कोणीतरी सुई धरायला शिकवते. पेनसिल्व्हेनियात १९७२ पासून दर उन्हाळ्यात भरणारी ‘पेन्सिक वॉर’ ही तिची छावणी दहा हजारांहून अधिक लोकांची असते.

स्पर्धेच्या अंगाने महत्त्वाची ती कॉस्च्यूम-कॉन. ती जानेवारी १९८३ मध्ये सॅन डिएगो येथे प्रथम भरली. त्यानंतर १९८५ मध्ये इंटरनॅशनल कॉस्च्यूमर्स गिल्ड स्थापन झाले. त्याच्या नियमांप्रमाणे नवशिके, सराईत आणि निष्णात अशा पायऱ्या असतात आणि नवशिक्याला निष्णातासमोर उभे राहावे लागत नाही. मंचावरच्या सादरीकरणाचे गुण वेगळे आणि कारागिरीचे वेगळे. कारागिरीचे परीक्षक पडद्यामागे कपडा उलटून अस्तर, शिवणी आणि काठ पाहतात. ऐतिहासिक विभागात वेषासोबत आधारांची टिपणवहीही द्यावी लागते. गटाने उतरलेल्यांना कोणी काय केले हे सांगावे लागते, त्यामुळे शिवणारीचे नाव निकालात येते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते या संस्थेचे सर्वांत मोठे काम हेच.

‘स्टार वॉर्स’मधल्या सैनिकांचे वेष करणारी ५०१ वी लीजन १९९७ मध्ये सुरू झाली. सभासद होण्यासाठी वेष संस्थेच्या बारीकसारीक निकषांवर उतरावा लागतो. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ परेडमध्ये तिचे सुमारे दोनशे सभासद जॉर्ज लुकास यांच्यासोबत चालले.

लहान गटांची पद्धत सर्वत्र साधारण एक. एकाला बेतता येते, एकाला रंगकाम, एकाला केसांचे टोप. यंत्र ज्याच्या घरी त्याच्या घरी बैठक. काम संमेलनाच्या आदल्या रात्रीपर्यंत रेंगाळते आणि शेवटचे काजे गाडीत होतात.

कायदा व शिष्टाचार : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या स्टार ॲथलेटिका खटल्यात कपड्यावरील नक्षीच्या स्वामित्वहक्काचा निकष दिला, कॉस्प्लेचा प्रश्न त्यात सुटलेला नाही. वेष घातलेल्या व्यक्तीला न विचारता हात लावू नये वा छायाचित्र घेऊ नये, अशा पाट्या २०१४ पासून न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये लागल्या.

महाराष्ट्र : शाळांतल्या विचित्र वेशभूषा स्पर्धा, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा आणि गणेशोत्सवातले देखावे यांमुळे वेष घालणे येथे नवे नाही (पहा : बहुरूपी). मात्र वेष बहुधा भाड्याने आणतात. कॉमिक कॉन इंडियाचा पहिला मेळा २०११ मध्ये दिल्लीत झाला आणि पुढे मुंबईतही हे मेळे भरू लागले. तेथील स्पर्धांमुळे स्वतः वेष करणाऱ्या तरुणांचे गट तयार झाले. त्यांचा ओढा मुख्यतः जपानी व अमेरिकी पात्रांकडे आहे.

मराठेशाहीचा वेष शिवायचा तर अडचण आधारांची आहे. गोवळकोंडा शैलीतली शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १७९० च्या दशकात पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स यांनी सवाई माधवराव व नाना फडणीस यांना समोर बसवून रंगवले. त्यांवरून जाम्याचा घेर, कमरबंद, पागोट्याची बांधणी कळते. बगलेतला तुकडा कसा बसवला आणि घेराला कळ्या किती हे कळत नाही. गो. स. घुर्ये यांचे ‘इंडियन कॉस्च्यूम’ (१९५१) साहित्य आणि शिल्पांच्या आधारे लिहिलेले आहे, शिवणाऱ्याच्या टेबलासाठी नव्हे. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ‘गांधी’साठी ऑस्कर मिळाले. त्यांचे ‘द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन’ (२०१०) व्यावसायिक कामाविषयी आहे. नऊवारी, धोतर, पागोटे ही न बेतलेली वस्त्रे. त्यांत कौशल्य नेसण्या-बांधण्याचे, आणि शिवलेली नऊवारी घातली की तेच वगळले जाते. बेताचा अभ्यास व्हावा तो अंगरखा, बाराबंदी, चोळी आणि कुंचीचा. ज्यांच्या घरी ट्रंकेत असे जुने कपडे असतील त्यांनी ते उसवू नयेत, धुवून इस्त्री करू नयेत. सपाट पसरून प्रत्येक तुकड्याचे माप आणि शिवणीची दिशा चौकटीच्या कागदावर उतरवावी आणि कपडा कोणी शिवला हे घरात कोणाला आठवत असेल, तर ते नाव त्याच कागदावर लिहावे.