खसखशीचे दाणे आणि गृहमंत्र्यांचा हुकूम

१८४४ च्या वसंतात लंडनमध्ये राहणाऱ्या एका इटालियन निर्वासिताला आपली पत्रे कोणीतरी वाचत असल्याचा संशय येऊ लागला. पत्रे उशिरा येत. पाकिटावर टपालाच्या वेळेचा एक शिक्का असे आणि तो वाचता येऊ नये अशा बेताने त्यावरच मारलेला दुसरा. लाखेची मोहोर मात्र अखंड. हा निर्वासित म्हणजे जोसेफ मॅझिनी.

मॅझिनीने लावलेला सापळा अगदी साधा होता. पत्राच्या घडीत खसखशीचे दाणे, वाळूचे कण किंवा एखादा केस ठेवून मगच पाकीट बंद करावे, असे त्याने पत्रलेखकांना सुचवले. पत्रे आली तेव्हा मोहोर शाबूत होती. दाणे नव्हते, वाळू नव्हती, केसही नव्हता.

१४ जून १८४४ रोजी टॉमस डन्कम या खासदाराने मॅझिनी, चार्टिस्ट पुढारी विल्यम लव्हेट आणि त्यांच्या सोबत्यांचा अर्ज कॉमन्स सभेत मांडला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहमने एका अर्जदाराच्या बाबतीत हुकूम काढल्याचे मान्य केले, तो आता अमलात नसल्याचे सांगितले आणि अधिक खुलासा नाकारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ग्रॅहमने नवे काहीच केले नव्हते. राणी ॲनच्या काळातील १७११ च्या कायद्याने मंत्र्याच्या लेखी हुकमावरून पत्र उघडण्यास मुभा दिली होती, आणि परकीय वकिलातींची पत्रे तर टपालखात्यातील ‘गुप्त कचेरी’ पिढ्यान्‌पिढ्या उघडत आली होती. सांकेतिक लिपी उलगडण्याचे काम विलीस घराण्याकडे वंशपरंपरेने चाले. त्याचा मूळ पुरुष पुढे चक्क बिशप झाला! मुत्सद्दी मंडळींना हे सारे ठाऊक होते आणि ती त्या बेतानेच लिहीत.

मग संताप आताच का उसळला? उत्तर टपालाच्या दरात आहे. १८४० पर्यंत हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे व बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागे. १० जानेवारी १८४० पासून देशभर एक पेनीचा सरसकट दर आला. १८३९ मध्ये सुमारे ७ कोटी ६० लाख असलेली पत्रसंख्या पुढल्याच वर्षी १६ कोटी ९० लाखांवर गेली. मोलकरीण, कारागीर, शहरात आलेला मुलगा, सारेच लिहू लागले. जोवर पत्र हा राजदूतांचा व्यवहार होता तोवर त्याची चोरून होणारी वाचणी हा राजकारणाचा डाव होता. पत्र घरोघरी पोहोचताच तीच गोष्ट घरफोडी वाटू लागली.

टॉमस कार्लाइलने ‘टाइम्स’ला पत्र लिहून या कृत्याची गणना खिसेकापूपणाच्या जवळ केली. ‘पंच’ने ग्रॅहमच्या नावाने चिडवणाऱ्या चिकटपट्ट्या छापल्या. डिकन्सने तर एका पाकिटावरच लिहिले की ग्रॅहमसाहेबांनी हे उघडलेच तर पुन्हा बंद करण्याची तसदी घेऊ नये.

थट्टा फार काळ टिकली नाही. २५ जुलै १८४४ रोजी कालाब्रियात कोझेंझाजवळ आत्तिलियो आणि एमिलियो बांदिएरा या भावांना सात साथीदारांसह गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा मॅझिनीशी पत्रव्यवहार होता. लंडनमध्ये फोडलेल्या पत्रांनीच त्यांचा घात केला, असा आरोप झाला. हा आरोप पुराव्यावर पुरता उभा राहत नाही, कारण त्यांच्यातलाच एक जण फितूर झाला होता. तरी संसदेच्या गुप्त समित्यांनी पत्रांतील माहिती, नावे वगळून, परकीय सत्तेला कळवली गेल्याचे मान्य केले. ती कळवणारा होता परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन. शिव्याशाप मात्र ग्रॅहमच्या वाट्याला आले.

समितीच्या हिशोबात १७९९ ते १८४४ दरम्यान ३७२ हुकूम निघाले होते, म्हणजे वर्षाला आठाहून थोडे अधिक. आकडा लहान असल्याने काहींचे समाधान झाले. पण कोणाची पत्रे फोडली जातात हे कळण्याचा मार्गच नसेल, तर आकड्याच्या लहानपणाने कोणाला धीर यावा? गुप्त कचेरी आणि लिपी उलगडणारी शाखा दोन्ही बंद झाल्या. १७११ पासून चालत आलेला हुकमाचा अधिकार तसाच राहिला. ग्रॅहमही १८४६ पर्यंत गृहमंत्री होता.

हाच अधिकार साम्राज्याबरोबर भारतात आला. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ ने सार्वजनिक आणीबाणी, सुरक्षितता वा शांततेच्या कारणावरून टपाल अडवण्याची सत्ता सरकारला दिली. मॅझिनीचे लेखन १९०७ मध्ये मराठीत आणणारे सावरकर तेव्हा लंडनमध्येच होते, आणि त्यांच्यावर व इंडिया हाउसवर पोलिसांची पाळत राहिली. त्या मराठी पुस्तकावरही पुढे बंदी आली.

स्वातंत्र्यानंतर हे कलम गेले नाही. १९८६ मध्ये संसदेने ते अधिक व्यापक करणारे विधेयक संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. १८९८ चा मूळ कायदा मात्र आणखी साडेतीन दशके टिकला. २०२३ च्या टपाल कायद्याने त्याची जागा घेतली, आणि टपाल अडवण्याची सत्ता त्यात कलम ९ म्हणून आहे.