उपग्रहाची थाळी आणि परितेवाडीची शाळा

गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या सभेत, रविवारच्या मराठी शाळेत मुलांना मोबाईल आणू द्यावा की नाही, यावर पाऊण तास वाद झाला. चहा गार झाला, निर्णय मात्र झाला नाही. एक पक्ष म्हणे, "मोबाईल आला की अभ्यास गेला." दुसरा म्हणे, "मोबाईल नसेल तर मुलेच यायची नाहीत." मी पडलो रसायनशास्त्राचा माणूस. हा प्रयोग आधी कोणी केला आहे का, हे शोधायची आमची जुनी खोड. तेव्हा दोन प्रयोग सभासदांपुढे ठेवतो.

पहिला १९७५ सालचा. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग उभा राहिला, पण तो पाहायला ते नव्हते. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले होते. अमेरिकेच्या 'नासा'ने एटीएस-६ हा आपला उपग्रह वर्षभरासाठी दिला. १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दिसू लागले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी थाळी, गावात एक दूरदर्शन संच, आणि वीज नसेल तिथे बॅटऱ्या. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. भाषा चार : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया.

तंत्र म्हणून प्रयोग यशस्वी झाला. पुढच्या 'इन्सॅट' उपग्रहांना हाच अनुभव कामी आला. पण पडद्यावरच्या माणसाला समोरच्या पोराची शंका ऐकू येत नव्हती. ती सोडवायला वर्गातले गुरुजीच लागत. आणि ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली, तेव्हा उपग्रह ज्यांचा होता त्यांच्याकडे परत गेला.

दुसरा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचा. रणजितसिंह डिसले २००९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. मुलांच्या घरची भाषा कन्नड, पुस्तके मात्र त्या भाषेत नव्हती. डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले. मग पाठ्यपुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड घातले. हे ठिपक्यांचे चौकोन १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघाले होते. इथे त्यावर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. २०१७ साली राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांत असे कोड आणायचे ठरवले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आमच्या शास्त्रात उत्प्रेरक म्हणून एक पदार्थ असतो. तो क्रियेचा वेग वाढवतो. पण जी क्रिया मुळात होणारच नाही, ती तो घडवू शकत नाही. परितेवाडीत मूळ क्रिया होती शिक्षकाने मुलांची भाषा शिकणे ही. मोबाईल नंतर आला.

आता आपले. माझी आई साताऱ्याहून नातवाला मोबाईलवर देवनागरीत निरोप पाठवते. सत्तरी ओलांडल्यावर ती टंकलेखन शिकली, ते त्याच्यासाठी. चिरंजीव भाषांतराचे बटण दाबून तो इंग्रजीत वाचतात आणि रोमन अक्षरांत "ho aaji" एवढेच उत्तर देतात. आईला हे बटण ठाऊक नाही. मीही अजून सांगितलेले नाही. दोष मोबाईलचा नाही. शेजारी बसून अक्षरे लावून घ्यायची ती मी घेतली नाहीत.

म्हणून सूचना अशी : शाळेत मोबाईल फक्त शेवटची वीस मिनिटे. भाषांतराचे बटण बंद. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांचा एक निरोप मोठ्याने वाचावा आणि दोन ओळींचे उत्तर देवनागरीत लिहावे. शेजारी आई किंवा बाबा बसलेले हवेत. बाहेर गाडीत बसून वाट पाहणारे चालणार नाहीत.

पुढच्या सभेत यावर मत घ्यावे, ही विनंती. पहिल्या रविवारी शेजारी बसायला मी येतो आहे. आणखी चार पालक हवेत.