खानदेशचे दप्तर आणि चित्रफीत

इतिहासाची साधने म्हटली की धुळेकरांच्या डोळ्यांपुढे राजवाड्यांची दप्तरे उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. इतिहासाचार्य १९२६ साली याच शहरी निवर्तले. परंतु कागदाखेरीज आणखी एक साधन गेल्या सव्वाशे वर्षांत निर्माण झाले आहे. ते म्हणजे लघुपट; आणि त्याची आपण हेळसांड केली, असे आम्हांस वाटते.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन १९०१ च्या डिसेंबरात मायदेशी परतले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या स्वागताचे चित्रण सावेदादा भाटवडेकरांनी केले. समुद्रापार गेलेला आपला माणूस घरी येतो, हा विषय आपल्याकडे पडद्यावर आला तो इतक्या लवकर! परांजप्यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. ती फीत मात्र आज नाही. सावेदादा तर १९५८ पर्यंत हयात होते.

खानदेशात याच्या उलट घडले. येथे फीत राहिली आणि गाव गेले. आनंद पटवर्धन व सीमंतिनी धुरू यांनी १९९५ साली ‘ए नर्मदा डायरी’ हा तासाभराचा पट पुरा केला. (त्याला लघुपट म्हणावे की नाही, हा वाद आम्ही पंडितांवर सोपवतो.) मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात प्रथम गाठले ते त्याला, १९९३ च्या पावसाळ्यात. बोलपटापूर्वी दाखवले जाणारे सरकारी अनुबोधपट आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांत धरणाची भिंत दिसे, दिवे लागत, आणि वरून एक भारदस्त आवाज सर्व समजावून सांगे. नर्मदेच्या या पटात काठावरची माणसे स्वतः बोलतात. सातपुड्यातला सणांचा सण, होळी, तीही त्यात आहे.

पट एका बाजूचा आहे, हे उघड आहे. पण बखरी तरी कोठे निःपक्षपाती होत्या? त्या अस्सल कागदांशी ताडून पाहाव्यात, हे राजवाड्यांनीच शिकवले. पुनर्वसनाची सरकारी कागदपत्रे आणि ही फीत तशीच शेजारी ठेवून पाहावी.

हल्ली जळगाव-धुळ्याकडची तरुण मंडळी अहिराणीत छोटे पट काढतात. सुरतेस पोटासाठी गेलेल्यांनाही ते मोबाइलवर पाहता येतात. विनोद कधी कधी फार पसरट असतो, पण बोली खरी असते. आमच्या वाचनालयांनी त्यांच्या प्रती ठेवाव्यात, आणि प्रतीवर गाव, तालुका, दिवस एवढे तरी लिहावे. तालुका तर अवश्य लिहावा, कारण १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून धुळ्याच्या नकाशात मणिबेली सापडत नाही.